मदत हवी आहे : वाचनालयाच्या फळ्यासाठी अजब पण खऱ्या गोष्टी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाबाहेर मी रोज फळ्यावर इंटरनेटवर सापडलेली एक अजब गोष्ट लिहितो. शाळेतली पोट्टी थांबून वाचतात. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, कॉफी उरली की नाही ते जागेवरूनच दिसावं म्हणून. १९९३ पासून ते भांडं इंटरनेटवर जगभर दिसू लागलं. ही तर त्यांना फारच आवडली.

पण मागच्या आठवड्यात मी लिहिलं, बैल लाल रंगानं चिडतो. एका आजोबांनी विचारलं, "पोळ्याले आमी लाल झूल घालतो, मंग बैल कधी बिथरला का बाप्पा?" शोधलं तर खरंच, बैलाला लाल रंग नीट ओळखूच येत नाही, तो बिथरतो हलत्या कापडानं. फळा लगेच दुरुस्त केला, पण काही पोरांच्या वहीत चुकीचंच राहिलं. मनाला लागलं ते.

अशी माहिती खरी की खोटी, हे तुम्ही मोबाइलवर कसं तपासता? मराठीत भरवशाची ठिकाणं कोणती? आणि २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तशा आपल्या विदर्भातल्या गोष्टी माहीत असतील तर नक्की सांगा.