बार्टनचा फिरता कालवा चुकवू नका

इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर कालव्याच्या काठाने वर्स्ली ते मँचेस्टर चालायचं असेल, तर वाटेतलं बार्टन विसरू नका. १७६१ साली हा कालवा सुरू झाला तो वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी. बार्टनला तो इर्वेल नदीवरून दगडी पुलाने जायचा. पुढे नदीच्या जागी मोठ्या जहाजांचा शिप कॅनॉल आला आणि तो सुंदर पूल पाडावा लागला. त्याऐवजी १८९४ पासून तिथे फिरता जलसेतू, म्हणजे कालव्याचं पाणी वाहून नेणारा पूल आहे. जहाज आलं की दोन्ही टोकांची दारं बंद करतात आणि सुमारे ८०० टन पाण्यासकट अख्खी लोखंडी पन्हळ काटकोनात फिरते! हे मला आजही थक्क करतं.

शेजारचा बार्टन रोडचा पूलही तसाच फिरतो, तेव्हा गाड्या खोळंबतात. पण तुम्ही थांबा, जलसेतू त्या पुलावरूनच सर्वांत छान दिसतो. घाईची वाहतूक १९६० पासून जवळच्या उंच पुलावरून जाते, आताचा एम६० महामार्ग. तिथून मात्र यातलं काहीच नीट दिसत नाही.

वर्स्लीचं नारिंगी पाणी पाहून बिचकू नका, तो रंग खाणीतून येणाऱ्या लोहाचा आहे.