मदत हवी आहे: बदनामीची रक्कम काढायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी एका कंपनीच्या जोखीम विभागात आहे. आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये (कंपनीपुढच्या जोखमींच्या यादीत) आग, सायबर हल्ला, बुडीत येणी अशा प्रत्येक ओळीपुढे रक्कम आहे. 'प्रतिष्ठा' या ओळीपुढे मात्र वर्षानुवर्षं नुसतंच 'हाय', म्हणजे 'जास्त', लिहिलेलं. यंदा एका संचालकांनी विचारलं, "हाय म्हणजे किती?" आणि घोंगडं माझ्या गळ्यात आलं.

आधी इव्हेंट स्टडी वाचली. बातमी फुटल्यावर बाजाराच्या मानाने शेअर किती जास्त पडला ते बघायचं, त्यातून दंड, भरपाई, कोर्टखर्च वजा करायचे; उरेल ते प्रतिष्ठेचं नुकसान. कार्पॉफ, ली आणि मार्टिन या संशोधकांच्या २००८च्या अभ्यासात हिशेबात लबाडी केलेल्या ५८५ अमेरिकी कंपन्या आहेत. तिथे हे नुकसान सगळ्या कायदेशीर दंडांच्या ७.५ पटींहून जास्त निघालं. मी खूश! दंडाला साडेसातने गुणलं की काम झालं.

पण याच कार्पॉफांनी २००५ मध्ये दोघा सहकाऱ्यांबरोबर पर्यावरणाचे नियम मोडणाऱ्या कंपन्या तपासल्या होत्या. तिथे बाजारमूल्यातली घट साधारण दंडाइतकीच. प्रतिष्ठेच्या खात्यात जवळपास काहीच उरत नाही. मला वाटतं, झळ कुणाला बसली यावर सगळं आहे. फसलेला गुंतवणूकदार किंवा ग्राहक पुढच्या व्यवहारात हात आखडता घेतो, नदीकाठच्या माणसाचा कंपनीशी व्यवहारच नसतो.

वजाबाकीही वाटते तितकी सरळ नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतली लबाडी उघड झाल्यावर फोक्सवॅगनचा शेअर दोन दिवसांत सुमारे एक तृतीयांश पडला. कंपनीने तेव्हा ६.५ अब्ज युरोंची तरतूद जाहीर केली, प्रत्यक्षात खर्च ३० अब्जांवर गेला. म्हणजे त्या दिवशी 'बदनामी' वाटलेली बरीचशी रक्कम पुढे येणारा दंडच असणार. त्यात २०१६ मध्ये या समूहाने १ कोटीहून जास्त गाड्या विकल्या! (साहेबांना हे अजून सांगितलेलं नाही.)

आमची कंपनी तर शेअर बाजारातच नाही. म्हणून खालून वर जातोय: कुठली घटना घडली तर कुठले ग्राहक जातील, त्यांच्यामागे सुटणारं मार्जिन किती, परतायला किती महिने, शिवाय कर्जाचा दर किती वाढेल, पुरवठादार आगाऊ पैसे मागतील का. दंड आधीच कायदेशीर जोखमीच्या ओळीत असल्याने इथे धरलेला नाही, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल.

अडलंय ते 'किती महिने' यावर. ६ धरले तर रक्कम किरकोळ दिसते, २४ धरले तर कंपनी बुडालेली दिसते, आणि दोन्हीला माझ्याकडे पुरावा नाही. बिगर-लिस्टेड कंपनीत हे काम केलेल्यांनी सांगावं: हा कालावधी कशावरून ठरवलात? जुन्या तक्रारींनंतरच्या ऑर्डर्स बघितल्यात, की विक्री विभागाला विचारलंत? आणि घटना घडलीच नसती तर विक्री किती झाली असती, यासाठी मागच्या वर्षाचा आकडा धरलात की बाजाराची वाढ? संचालक मंडळापुढे एकच रक्कम ठेवलीत की 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला?