एकट्याने खेळायचे आधुनिक युद्धपट: बॉट लावायचा की दोन्ही बाजू स्वतःच खेळायच्या?

पटवेडा

नमस्कार मंडळी. आधुनिक संघर्षांवरचे पटावरचे खेळ एकट्याने नीट कसे खेळावेत, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. हाताशी चार खेळ आहेत: लॅबिरिंथ (दहशतवादविरोधी युद्ध), ट्वायलाइट स्ट्रगल (शीतयुद्ध), फायर इन द लेक (व्हिएतनाम) आणि नेक्स्ट वॉर: इंडिया-पाकिस्तान. नियमपुस्तकं वाचून झाली आहेत. अडतं ते पुढे.

१. लॅबिरिंथचा जिहादी बॉट (नियमांच्या तक्त्याने चालणारा विरोधक) कधी दुबळा वाटतो, कधी अजिंक्य. तो तक्ता, म्हणजे फ्लोचार्ट, चुकीचा चालवला जातोय का?
२. ट्वायलाइट स्ट्रगलमध्ये दोन्ही हात आपल्यालाच दिसतात, मग मजा काय राहिली?
३. फायर इन द लेकला चार गट आहेत. तीन बॉट सांभाळताना पट कुठे आणि डोकं कुठे अशी गत होते.
४. नेक्स्ट वॉरला बॉटच नाही. दोन्ही बाजू खेळताना नकळत एकीला झुकतं माप मिळतं.

«अॅप घ्या» हे उत्तर नको आहे. पट आणि फासेच हवेत.

सहाचं दान

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण एकट्याने खेळायला या चौघांत लॅबिरिंथच सगळ्यात सरस आहे. २०१० च्या मूळ खेळात एकट्याने खेळणारा नेहमी अमेरिका असतो. अमेरिकेचा बॉट हवा असेल तर २०१६ चा अवेकनिंग हा विस्तार लागतो.

बॉट दुबळा वाटतो तेव्हा दोन ठिकाणं तपासा. जिहादी बाजू एका फेरीत दोन पत्ते खेळते. दोन्ही एकदम उलटून «मिळून काय करता येईल» असा विचार करायचा नाही. पहिला उघडा, तक्त्यात वरपासून खाली या, कृती पूर्ण करा, मग दुसरा उघडा आणि पुन्हा वरूनच सुरुवात करा. दुसरं ठिकाण म्हणजे उरलेले ऑप्स, म्हणजे पत्त्यावरचे कृतीचे गुण. ३ चा पत्ता असेल आणि बॉटने त्यातला एकच वापरला, तर उरलेले दोन रॅडिकलायझेशनच्या चौकटीत खर्च होतात. बहुतेकांचं ते राहून जातं. तिथेच बॉटची निम्मी ताकद वाया जाते.

अजिंक्य वाटतो तेव्हा चूक सहसा अमेरिकेच्या बाजूला असते. वॉर ऑफ आयडियाजला (देश वळवून घ्यायची अमेरिकेची कृती) फाशावर १ ते ३ म्हणजे अपयश, ४ ला फक्त एड मार्कर (मदतीची खूण), ५ पासून पुढे यश. त्यात जगाची भूमिका आणि अमेरिकेची भूमिका जुळत नसेल तर उणे ३ पर्यंत फटका बसतो. अमेरिका हार्ड (कठोर) आणि जग सॉफ्ट (मवाळ), अशा वेळी पत्त्यामागून पत्ते मुस्लिम देशांवर उधळत बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आधी युरोपातल्या एखाददुसऱ्या देशाची भूमिका बदलून घ्या. नाहीतर ३ ऑप्सचे दोन पत्ते एकत्र खर्चून रिअसेसमेंट (अमेरिकेचीच भूमिका बदलणं) करा. महाग आहे, पण खेळाच्या सुरुवातीला परवडतं.

एक उदाहरण पटावर मांडून बघा. पाकिस्तानचा कारभार पुअर (वाईट), तिथे ५ सेल (जिहादी गट), अमेरिकी सैन्य शून्य. मेजर जिहादला (सत्ता उलथवायचा मोठा प्रयत्न) सैन्यापेक्षा ५ सेल जास्त लागतात, म्हणजे दार उघडं आहे. बॉटला ३ चा पत्ता आला की तीन फासे, आणि पुअर देशात १ ते ३ पडलं की यश. दोन घटक सैन्य तिथे टाकलं की हीच अट ७ सेलवर जाते आणि बॉटला आधी भरती करावी लागते. पाकिस्तान हातचा गेला तर तिथली अण्वस्त्रंही विरोधकाच्या हाती लागतात, त्यामुळे हे सैन्य इराकपेक्षा इथे जास्त कामाचं.

काठिण्य एकेक पायरीने वाढवा, कारण प्रत्येक पायरीत आधीच्या सगळ्या धरलेल्या असतात. अॅट्रॅक्टिव्हला भरतीच्या प्रत्येक यशाला दोन सेल येतात. पोटंटला मेजर जिहादची अट ५ वरून ३ वर उतरते, म्हणजे वरच्या उदाहरणातलं दोन घटकांचं सैन्य ५ सेलपुढे अपुरं पडतं. व्हिर्युलंटला फसलेल्या जिहादमध्येही सेल मरत नाहीत. पोटंटपर्यंत नियमित जिंकल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

तिरकी चाल

ट्वायलाइट स्ट्रगल. दोन्ही हात उघडे ठेवून खेळलं तर तो हिशेबाचा तास होतो. खालची पद्धत वापरा.

दोन्ही हात उपडे ठेवा. ज्याची पाळी असेल त्याच्या हातातले तीन पत्ते पिसून उचला, त्यातला एक खेळा, दोन परत मिसळा. म्हणजे बाजूला डावपेच आहे, पण पुढच्या पाळीत काय मिळेल याची खात्री नाही. हेडलाइनला (टर्नच्या सुरुवातीला दोघांचा एकेक पत्ता) तीनऐवजी दोनच उचला. सोव्हिएत पत्ता आधी निवडून उपडा ठेवा, मग अमेरिकेचा निवडा. चायना कार्ड नेहमीप्रमाणे उघडं, हातात मोजायचं नाही.

ही पद्धत दोन ठिकाणी फसते. पहिलं म्हणजे स्कोअरिंग पत्ते, म्हणजे प्रदेशाचे गुण मोजणारे. पहिल्या तीन टर्नना ८ पत्ते, एक हेडलाइन आणि सहा पाळ्या, म्हणजे एक पत्ता हातात उरतो. चौथ्या टर्नपासून ९ पत्ते आणि सात पाळ्या, पुन्हा एकच उरतो. तो उरलेला स्कोअरिंगचा निघाला तर ती बाजू हरते, आणि आंधळ्या पद्धतीत असं सहज होतं. म्हणून शेवटच्या दोन पाळ्यांना त्या बाजूचा हात पूर्ण उघडा आणि स्कोअरिंग आधी खेळा.

दुसरं डेफकॉन, म्हणजे अणुयुद्ध किती जवळ आलं त्याची मोजपट्टी; १ म्हणजे युद्धच. डेफकॉन २ असताना सोव्हिएत बाजूने अमेरिकेचा डक अँड कव्हर हा पत्ता खेळला की डेफकॉन १ होतो आणि ज्याची पाळी तोच हरतो. हा ३ ऑप्सचा आहे, स्पेस रेसमध्ये (पत्त्यावरची घटना न घडवता तो खर्चायची जागा) टाकून सुटका होते. अमेरिकेच्याच सीआयए क्रिएटेडचं तसं नाही. तो १ ऑपचा, स्पेस रेसला चालत नाही. डेफकॉन २ ला तो खेळावा लागला तर अमेरिका त्या एका ऑपने महत्त्वाच्या देशात कू (सत्तापालट) करते आणि सोव्हिएत संपतात. अमेरिकेच्या हातात सोव्हिएतांचा लोन गनमन असेल तर हेच उलट. म्हणून नियम करा: डेफकॉन २ असताना उचललेल्या तिन्ही पत्त्यांनी आत्मघात होत असेल तर पूर्ण हात बघायची मुभा. हा रडीचा डाव नाही. खरा भिडूही आपला हात बघूनच खेळतो.

अशा पत्त्यांवर चालणाऱ्या खेळांसाठी जीएमटी या प्रकाशकाचा तयार सोलो संचही मिळतो. पण आधी हे करून बघा, खर्च शून्य.

चार गटांचा भिडू

फायर इन द लेकने सुरुवात करू नका, एवढंच आधी सांगतो. त्याच मालिकेतला क्यूबा लिब्रे घ्या. पटावर १३ च जागा आहेत, गट चारच, यंत्रणा तीच. फ्लोचार्ट वाचायची सवय तिथे लागते. व्हिएतनामच्या पटावर लागत नाही.

तरी व्हिएतनामच खेळायचं असेल तर आधी पाळीचा क्रम पक्का करा, कारण बॉटच्या निम्म्या चुका तिथेच होतात. एका पत्त्यावर दोनच गट कृती करतात. पहिल्याने नुसतं ऑपरेशन केलं तर दुसऱ्याला मर्यादित ऑपरेशन. पहिल्याने ऑपरेशनसोबत स्पेशल अॅक्टिव्हिटी केली तर दुसऱ्याला मर्यादित ऑपरेशन किंवा इव्हेंट (पत्त्यावरची घटना). पहिल्याने इव्हेंट घेतला तर दुसऱ्याला ऑपरेशन आणि स्पेशल अॅक्टिव्हिटी दोन्ही. ज्यांनी कृती केली ते पुढच्या पत्त्याला बाद. ज्याने पास केलं तो बाद होत नाही, वर त्याला संसाधनं मिळतात: बंडखोरांना १, सरकारी बाजूला ३. हे कागदावर लिहून पटाच्या कडेला ठेवा.

तीन बॉट एकदम लावू नका. पहिल्या खेपेला अमेरिका आणि एआरव्हीएन (दक्षिण व्हिएतनामचं सैन्य) स्वतः खेळा, उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग बॉटवर सोडा. फ्लोचार्टवर एक सोंगटी ठेवून चौकटीगणिक सरकवत न्या. बोटाने चालवलं की पटावरची मोजणी करून परत येईपर्यंत कुठे होतो ते विसरतं. सगळ्यात जास्त विसरते ती ऑपरेशननंतरची स्पेशल अॅक्टिव्हिटी. त्याखालोखाल गनिमांची बाजू उलटायची राहते. उघडा पडलेला गनीम लपलेला समजून बॉट चालवला तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

मूळ फ्लोचार्ट किचकट वाटत असतील तर याच खेळासाठी नंतर त्रुंग नावाचे बॉटचे पत्ते आले. पत्ता उलटा, वरून खाली वाचा, कृती करा. ही पत्त्यांची कल्पना त्रुंग बनवणाऱ्या डिझायनरच्याच गांधी या खेळात अर्जुन नावाने आधी आली होती. माझं मत: त्रुंगचे पत्ते वेगवान आहेत आणि बॉट कमी अंदाजेबल होतो. जुने तक्ते कपाटात गेले तरी चालतील.

पटवेडा

सर्वांचे आभार. तीन पत्त्यांची युक्ती आणि फ्लोचार्टवरची सोंगटी दोन्ही लगेच वापरता येतील. पण नेक्स्ट वॉरचं काय? आणि अर्धवट डाव उचलून ठेवायचा असेल तर?

हेक्सकरी

नेक्स्ट वॉर: इंडिया-पाकिस्तान एकट्याने खेळायला वाटतो तितका वाईट नाही, कारण हातात लपवलेले पत्ते नाहीत. पहिल्यांदा स्टँडर्ड नियमांनी खेळा. अॅडव्हान्स्डमधलं हवाई युद्ध दोन बाजूंनी एकट्याने हाताळणं हे वेगळंच काम आहे, ते नंतर.

झुकतं माप टाळायला हेतूचा फासा टाका. टर्न सुरू होताना ज्या बाजूची पाळी आहे तिच्यासाठी तीन योजना एकेका ओळीत लिहा. उदाहरणार्थ पाकिस्तानसाठी: अ) काश्मीरमध्ये दबाव, पंजाबात बचाव. आ) पंजाबात पुढाकार, काश्मीरमध्ये बचाव. इ) सगळीकडे राखीव दल मागे. सगळ्यात पटणारी योजना १ ते ३ वर, दुसरी ४-५ वर, तिसरी ६ वर. फासा पडला की ती योजना पुढचे दोन टर्न बदलायची नाही. बदलायची मुभा एकाच वेळी: महत्त्वाचं शहर गेलं किंवा योजनेतल्या दलाचा मोठा भाग नष्ट झाला तर. ही अट आधीच लिहून ठेवा, नाहीतर फासा आवडला नाही म्हणून ती शोधली जाते.

योजना खऱ्या हव्यात. तिसऱ्या ओळीत मुद्दाम मूर्ख पर्याय टाकला तर सहाचं दान पडलं की डाव फुकट जातो. दोन चांगल्याच योजना सुचल्या तर दोनच लिहा, १ ते ४ आणि ५-६.

बॉट असलेल्या खेळांना ही पद्धत लावू नका, तक्त्यातल्या क्रमात ढवळाढवळ होते. ब्लॉकचे खेळ, म्हणजे उभ्या लाकडी ठोकळ्यांवर ताकद फक्त मालकाला दिसते असे, एकट्यासाठी टाळलेलेच बरे. तिथे लपवाछपवी हाच खेळ असतो.

सहाचं दान

+१ हेतूच्या फाशाला. कुणाला खास एकट्यासाठीच बनवलेला खेळ हवा असेल तर हॉर्नेट लीडर बघा. विमानवाहू नौकेवरचे वैमानिक, लक्ष्यांची निवड आणि प्रत्येक मोहिमेनंतर साठत जाणारा ताण. सगळ्यात चांगले वैमानिक रोज पाठवले की ऐन वेळी तेच उडायला अपात्र ठरतात. पहिल्यांदा छोटी मोहीम घ्या.

तिरकी चाल

डाव उचलून ठेवण्याबद्दल, कारण ते राहिलंच. पट हलवायचा नसेल तर वर पारदर्शक अॅक्रिलिकचा तक्ता ठेवा. सोंगट्यांच्या उंच थप्प्या असतील तर तक्ता थप्प्यांवर दाबू नका, कडांना ठोकळे देऊन वर उचलून ठेवा.

पट उचलायचाच असेल तर आधी वरून सरळ फोटो काढा. एक पूर्ण पटाचा, मग चार कोपऱ्यांचे चार, आणि प्रत्येक मोठी थप्पी पसरून तिचा वेगळा. नुसत्या वरच्या फोटोत थप्पीत खाली काय आहे ते दिसत नाही, आणि परत मांडताना नेमकं तिथेच अडतं. दोन्ही हात, उरलेली गड्डी आणि टाकलेले पत्ते अशी चार पाकिटं, वर नावं. काढून टाकलेल्या पत्त्यांचं पाचवं. ट्वायलाइट स्ट्रगलमध्ये टाकलेले आणि कायमचे बाद झालेले पत्ते मिसळले तर गड्डी पुन्हा पिसताना बाद झालेला इव्हेंट परत येतो, आणि ते लगेच लक्षातही येत नाही. शेवटी एका चिठ्ठीवर: टर्न, पाळी, कोणाची चाल, डेफकॉन किंवा लॅबिरिंथमधलं फंडिंग (जिहादींचा निधी), आणि फाशाने ठरलेली योजना. ती चिठ्ठी पेटीत सगळ्यात वर ठेवा.