मदत हवी आहे: 111 महार पलटणीतल्या शिपायाची नोंद कुठे मिळेल?

जय भीम. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात 111 महार पलटणीत होते. 'लढाऊ जाती' ठरवून, त्यातून महारांना वगळून इंग्रजांनी 1890च्या दशकात त्यांची भरती बंद केली, युद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये ही पलटण उभारली, अन् 1921 मध्ये मोडली. हे फार लागतं मनाला, म्हणूनच त्यांची सरकारी नोंद हवी आहे.

घरी डिस्चार्जचा कागद आहे. पण नेमका घडीवर फाटलाय, त्यांचा पलटणीतला नंबर वाचता येत नाही. नाव, वडिलांचं नाव आणि उमरेड तहसील तेवढं दिसतं. पेन्शन नव्हती. नागपूरच्या अभिलेखागारात विचारून झालं, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या वेबसाइटवरही शोधलं. शिपायांची नावं सापडली नाहीत. दिल्लीला जाणं सध्या जमणार नाही.

नंबर नसताना नाव-गावावरून शोध लागतो का? आणि अर्ज सागरच्या महार रेजिमेंट केंद्राला करायचा की दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला?