एम ३३ मधला ठिपका: सुपरनोव्हाचा अवशेष की नुसता एच-टू रीजन?

खानापूरकर_९
मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट घरी बसून करूलालोय (पाऊस आणि करंटचा खेळ चालूच). गाईडनी एम ३३ या शेजारच्या दीर्घिकेतल्या एका ठिपक्याचा स्पेक्ट्रम (तरंगलांबीनुसार फोडलेला प्रकाश) दिलाय, स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष आहे का नुसता एच-टू रीजन (तरुण ताऱ्यांच्या प्रकाशानं उजळलेला वायूचा ढग) ते बघ म्हणालेत. गंधकाच्या ६७१६ आणि ६७३१ (अँगस्ट्रॉम तरंगलांबी) या रेषांच्या तेजाची बेरीज भागिले हायड्रोजन अल्फा (हायड्रोजनची लाल रेषा) ०.४ च्या वर गेली की अवशेष, एवढं वाचलंय. माझं येतंय ०.३४. नापासच की ओ? आणि मुळात गंधकच का?

गुऱ्हाळवाला_निपाणी
एच-टू रीजन म्हणजे चुलवाणावरची काहील, जाळ चालूच. तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश गंधकाचे दोन-दोन इलेक्ट्रॉन काढतो, आणि या रेषा तर एकच गेलेल्या गंधकाच्या, म्हणून तिथं गुणोत्तर साधारण ०.१-०.२. अवशेषात शॉक (स्फोटाची धक्का-लाट) एकदा तापवून पुढं जातो, मागचा वायू वाफ्यात ओतलेल्या गुळासारखा निवत बसतो, त्या पट्ट्यात असला गंधक भरपूर. मॅथ्युसन आणि क्लार्कनी १९७३ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात हीच युक्ती वापरली. ०.४ ही काय देवानं आखलेली रेघ नव्हे. आकडे टाक बघू.

खानापूरकर_९
गंधक ३२ आणि २३. अल्फासाठी ६५३० ते ६६०० सगळं मिळून १६०.

टिळकवाडी_आकाश
तिथंच घोळ! नायट्रोजनच्या ६५४८ आणि ६५८३ पण त्यात मोजल्यास की. तीन गाऊसियन (घंटेच्या आकाराचे वक्र, रेषेमागे एक) एकदम बसव, ६५४८ ला ६५८३ च्या एक तृतीयांशावर बांधून ठेव, ते प्रमाण ठरलेलंच असतंय.

खानापूरकर_९
बसवलं!! अल्फा १००, नायट्रोजन ४५ आणि १५. म्हणजे ०.५५! एवढ्यानं ओरडलो की आईला वाटलं नोकरी लागली.

टिळकवाडी_आकाश
थांब रे, पेढे नंतर. एम ३३ मध्ये सगळीकडं पसरलेला विरळ वायू पण ०.४ च्या वर जातो, ठिपका फिका असला तर तोच फसवतो, म्हणून स्लिटमधली (प्रकाश आत घेणाऱ्या फटीतली) शेजारची जागा वजा कर. मग ऑक्सिजनची ६३०० बघ, अल्फाच्या दहाव्या हिश्शाच्या वर असली तर शॉकचा संशय पक्का होत जातो. पण आपल्या हवेची पण ६३०० ला रेषा हाय, आणि एम ३३ सेकंदाला सुमारे १८० किमीनं आपल्याकडं येतेय म्हणून तिची जेमतेम ४ अँगस्ट्रॉम निळीकडं सरकते. रिझोल्यूशन (किती जवळच्या रेषा वेगळ्या दिसतात ते) किती अँगस्ट्रॉम तुझं?

खानापूरकर_९
८

टिळकवाडी_आकाश
मग दोन्ही एकात एक मिसळलेल्या. आकाश नीट वजा झालं नाही तर खानापूरच्याच हवेसारखी हवा मोजून एम ३३ म्हणून लिहिशील 😄

गुऱ्हाळवाला_निपाणी
आणि गंधकाच्या दोन रेषांचं गुणोत्तर वायूची घनता सांगतंय: ३२ भागिले २३ म्हणजे १.३९, घनता कमी. जुन्या अवशेषाला चालतंय पण एच-टू रीजनलाही चालतंय, त्यावर निकाल लावू नको.

खानापूरकर_९
करंट गेला ओ. मोबाईलवरनं लिहूलालोय. आला की वजाबाकी करून आकडे टाकतो.