प्रतिसाद: ८६४०० मिळवत जाऊ नका

वर एकांनी सांगितलंय की पीएचपीत (वेबसाइट बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेत) महिन्याच्या एक तारखेपासून ८६४०० सेकंद, म्हणजे २४ तास, मिळवत गेलं की कॅलेंडर तयार होतं. टाइमझोन आपला असेल तर होतं, कारण आपल्याकडं घड्याळ मागंपुढं करत नाहीत. पण मी खानापूरकडच्या एका दूध सोसायटीसाठी रोजच्या संकलनाचं कॅलेंडर असंच केलं होतं, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) स्वस्त म्हणून अमेरिकेतलं घेतलेलं आणि सर्व्हरचा टाइमझोन न्यूयॉर्कचा, नोव्हेंबर २०२४ उघडलं तर भाऊबिजेची ३ तारीख दोनदा आणि ३० तारीख गायबच! तिकडं त्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात, दिवस २५ तासांचा होतो, मग मध्यरात्रीत २४ तास मिळवले की रात्रीचे अकराच वाजतात, तारीख तीच राहते, आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात. सोमवारच्या घरात ३. सोसायटीच्या माणसांनी वहीशी ताळा केला म्हणून सापडलं बघा.

तेव्हापासून कोडच्या पहिल्या ओळीतच आपला टाइमझोन, आशिया-कोलकाता, लिहितो आणि सेकंद मोजत बसत नाही, पीएचपीतल्या तारीख-वेळ सांभाळणाऱ्या डेटटाइमला सरळ 'प्लस वन डे' सांगतो. 'प्लस वन मंथ' मात्र जपून वापरा, ३१ जानेवारीला लावलं तर मार्चची २ किंवा ३ तारीख येते, फेब्रुवारी वगळलाच जातो, त्यामुळं पुढचा महिना काढायचा तर आधी १ तारखेवर या. आणि आमच्या बेळगाव भागात महिन्यांची नावं मराठी-कन्नड दोन्ही लागतात, ती हातानं टाइप करू नका, पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन (वेगवेगळ्या भाषांसाठीची जोडणी) लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, बदललं की देतं.