१४४० पाठवू की झाकून ठेवू? अर्ली डिसिजनचा अर्ज आणि एसएटी

निंबोणी (१३ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नाही. आमटी गार होते, वाद गार होत नाही. म्हणून शेवटी धागा काढतेय.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळपास. लेक बारावीत आहे. तिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत जाऊन इतिहास शिकायचाय, आणि १ नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजनचा अर्ज टाकायचाय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच ठिकाणी शब्द देणं. निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो, आणि 'हो' आलं की बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. त्या करारावर मुलीची, पालकांची आणि शाळेतल्या काउन्सेलरची अशा तिघांच्या सह्या लागतात.

एसएटी, म्हणजे इथली कॉलेजप्रवेशाची १६०० गुणांची परीक्षा, तिने दोनदा दिली. मार्चमध्ये १४१०, ऑगस्टमध्ये १४४०. इंग्रजी ७७०, गणित ६७०. शाळेतले ग्रेड चांगले आहेत, एपीत (शाळेतच घेतलेले कॉलेजच्या पातळीचे विषय, गुण पाचपैकी) अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजी दोन्हीत ५. करोनानंतर जवळजवळ सगळ्यांनीच परीक्षा ऐच्छिक केली होती. आता एमआयटी, डार्टमथ, हार्वर्ड, ब्राउन असे एकेक जण परत सक्तीकडे वळलेत. कोलंबियाने मात्र २०२३मध्ये सांगितलं की आमच्याकडे ऐच्छिकच राहील.

नवरा म्हणतो, "गुण आहेत तर पाठवा, झाकायला काय चोरी केलीय?" लेक म्हणते, "बाबा, ऑप्शनल म्हणजे ऑप्शनल." मी दोघांना पोळ्या वाढतेय. तुम्ही काय कराल?

टाकसाळ

पाठवू नका.

कोलंबियात गुण पाठवून जे आत गेले, त्यांतले मधले निम्मे दीड हजाराच्या वर आहेत. हा कानोकानी आलेला आकडा नाही. बहुतेक युनिव्हर्सिट्या दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची लांबलचक फाइल काढतात. तिच्यातलं सी-९ कलम उघडा. किती टक्के मुलांनी एसएटी पाठवली, पंचविसावा पर्सेंटाइल कुठे, पंचाहत्तरावा कुठे, सगळं तिथे आहे. तुमचे १४४० त्या पट्ट्याच्या खाली येतात. मुलगी बघायला आलेल्यांना आपण होऊन गळकं छप्पर दाखवायला कोणी नेतं का?

माझ्या थोरलीने दोन वर्षांपूर्वी गुण न पाठवताच अर्ली टाकलं होतं. बॉस्टनकडच्या कॉलेजात आहे, मजेत आहे.

हणमंत_वाईकर

असहमत, आणि बराचसा.

'ऐच्छिक' म्हटलं म्हणून ती रिकामी जागा मुकी होत नाही. अर्ज वाचणारा माणूस तिथे मनातल्या मनात काहीतरी भरतोच. काय भरतो, ते तुमच्या पत्त्यावरून ठरतं.

काउन्सेलर अर्जासोबत 'स्कूल प्रोफाइल' म्हणून दोन-चार पानं पाठवतो. शाळेत एपी किती, किती मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात, आणि बऱ्याच शाळांच्या बाबतीत एसएटीची सरासरीही. आता एडिसनच्या आसपासची शाळा धरा. आपल्या सोसायटीतली पोरं आठवीपासून शनिवारी क्लासला जातात. अशा ठिकाणची मुलगी गुण पाठवत नाही, तर "बिचारीला परीक्षा देता आली नाही" असं कोण म्हणेल? म्हणतील, दिली असणार आणि बेताची गेली असणार. मनात १३५० धरतील. मग खरे १४४० दिलेले काय वाईट?

डार्टमथने २०२४च्या फेब्रुवारीत परीक्षा परत आणली, ती त्यांच्याच प्राध्यापकांनी आकडे तपासल्यावर. त्यात निघालं की १४००च्या घरातले गुण असलेली मुलं ते पाठवतच नव्हती. पाठवले असते तर त्यांचा फायदा झाला असता.

निंबोणी

१३५० धरतील हे वाचून पोटात गोळा आला.

टाकसाळ

हणमंतराव, अर्धी बातमी देऊ नका. डार्टमथच्या पाहणीत ज्यांचा फायदा झाला असता, ती गरीब घरांतली, साध्या शाळांतली मुलं होती. ज्या शाळेत सरासरीच हजाराच्या आसपास आहे, तिथून १४४० आले तर वाचणारा खुर्चीत सरळ बसतो. निंबोणीताईंच्या मुलीच्या शाळेतून १४४० गेले तर तो चहाचा घोट घेऊन पान उलटतो. तुमचाच पत्त्याचा मुद्दा तुमच्यावर उलटतोय बघा.

आणि मनातला अंदाज धूसर असतो. आकडा छापील असतो. निबंध चांगला असला, शिक्षकांची पत्रं चांगली असली, की अंदाज बदलता येतो. छापील १४४० बदलता येत नाही.

पॉपकॉर्नवाला

बसलोय. चालू द्या.

शेवंता_कोथरूड

मी पुण्याहून वाचतेय, त्यामुळे माझं दुखणं वेगळं आहे.

माझा मुलगा स्टेट बोर्डाचा. बारावीला ८८ टक्के. त्याच्या कॉलेजात काउन्सेलर नावाचा प्राणी नव्हता. शिफारसपत्र मागायला गेलो तर क्लार्कने बोनाफाइडचा छापील नमुना पुढे केला, त्यात नाव भरा म्हणाले. शेवटी फिजिक्सच्या सरांनी रविवारी घरी बसवून स्वतः पत्र टाइप केलं. त्या ८८ टक्क्यांचं तिकडच्या माणसाने काय करायचं? सीबीएसईचे ८८ वेगळे, आयसीएसईचे वेगळे, आमचे वेगळे. ज्याचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखाच लागेल असा आमच्या अर्जात एकच आकडा होता, एसएटीचे १५३०. परीक्षा नसती तर माझा मुलगा त्यांना दिसलाच नसता.

परीक्षा म्हणजे पैसेवाल्यांची सोय, असं सगळे म्हणतात. क्लासचे पैसे लागतात हे खरंच आहे. पण निबंधाचं काय? इथे निबंध 'घडवून' देणारे सल्लागार लाखांत फी घेतात. उन्हाळ्यात 'समाजकार्य' करायला मुलांना कुठे कुठे नेतात, दोन आठवड्यांत एनजीओ काढून देतात! एसएटीला निदान लॅपटॉपसमोर पोर स्वतः बसतं.

माझं मत विचाराल तर परीक्षा सगळीकडे सक्तीची करा. 'ऐच्छिक' ही शहाण्या पालकांना खेळायला दिलेली सोय आहे.

गोदाकाठ

शेवंताताई, तुमच्या मुलाचं कौतुक. पण आपण मराठी माणसं जेईई, सीईटी, स्कॉलरशिपच्या परीक्षा यांतच वाढलो, म्हणून आकडा दिसला की आपल्याला न्याय झाल्यासारखा वाटतो. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, आता एसएटी पाठवली तरी प्रवेशासाठी बघत नाहीत. तिथे काय आभाळ कोसळलं? मेन राज्यातलं बोडन कॉलेज १९६९पासून परीक्षा मागत नाही. तेव्हा करोना नव्हता.

एका शनिवारी सकाळी मुलीचं डोकं दुखत होतं की नाही, यावर चार वर्षांचा अभ्यास तोलायचा?

हणमंत_वाईकर

बोडन लहान कॉलेज आहे, तिथे एकेक अर्ज निवांत वाचतात. एमआयटीचं बघा. २०२२च्या मार्चमध्ये त्यांनी परीक्षा परत आणली, आणि कारण अगदी व्यवहारी दिलं. त्यांच्याकडे तुम्ही कुठलाही विषय घ्या, कॅल्क्युलस आणि फिजिक्सची दोन-दोन सत्रं चुकत नाहीत. गणिताची तयारी आधीच कळली नाही तर मूल पहिल्याच वर्षी गटांगळ्या खातं. त्यात कोणावर अन्याय आहे?

गोदाकाठ

एमआयटीपुरतं मान्य. पण इथे इतिहास शिकायला निघालेल्या मुलीचा विषय चाललाय. तिच्या ६७०ने कोणाचं रोमन साम्राज्य बुडणार आहे?

रामभाऊ_डॅलस

सगळे एसएटीवर भांडताय आणि खरा खड्डा तसाच राहिलाय. अर्ली डिसिजन कशाला?

अर्लीला प्रवेशाचा टक्का मोठा दिसतो, म्हणून पालक धावतात. त्या टक्क्यात आधीच ठरवून घेतलेले खेळाडू असतात, काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. ती वजा केल्यावर तुमच्या-माझ्या पोरीच्या वाट्याला किती उरतं, ते कोणी छापत नाही.

दुसरं पैशाचं. अशा खाजगी ठिकाणी राहण्या-खाण्यासकट वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर जातात. मार्चमध्ये चार ठिकाणची पत्रं हातात असली तर "त्यांनी इतकी मदत दिलीय, तुम्ही काय देता?" असं विचारता येतं. अर्लीत ती सोय आपण आपल्या सहीने सोडून देतो. कागदावर लिहिलेलं असतं की मदत पुरेशी नसेल तर करारातून सुटता येतं. पण 'पुरेशी' म्हणजे किती, यावर भांडायचं कोणी? सही करण्याआधी नवराबायकोने त्यांच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता खर्च किती येईल त्याचा अंदाज देणारा फॉर्म, भरून बघा. टॅक्सचे कागद घेऊन बसलात तर अर्धा-पाऊण तास.

शेवंताताईंसारख्या भारतातून अर्ज करणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅम्हर्स्ट ही मंडळी परदेशी मुलांची ऐपत न बघता निवड करतात. कोलंबिया परदेशी मुलांनी मदत मागितली तर ते लक्षात घेतं.

निंबोणी

रामभाऊ, कॅल्क्युलेटर भरला. आकडा आला तेव्हा नवरा उठून गॅलरीत गेला. पण जमेल, अगदीच ओढाताण नाही. इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत, रटगर्सलाही अर्ली अ‍ॅक्शन टाकतोय, तिथे बंधन नाही, त्यामुळे दोन्ही चालतं.

चाफा_७२

मी इथल्या एका हायस्कूलच्या गायडन्स ऑफिसात काम करते, म्हणून तत्त्वचर्चा सोडून दोन कामाच्या गोष्टी सांगते.

गुण पाठवायचे नसतील तर कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची साइट) दोन जागा बघा. 'टेस्टिंग' हा भाग सगळ्या कॉलेजांना समाईक असतो. मुलं उन्हाळ्यात उत्साहाने तिथे गुण भरून ठेवतात आणि विसरतात. त्या-त्या कॉलेजच्या प्रश्नांमध्ये 'गुण विचारात घ्यावेत का' हे वेगळं विचारतात. शेवटचं बटण दाबण्याआधी प्रिव्ह्यूची पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. घाईत नाही, मोठ्या स्क्रीनवर. एपीचे ५ मात्र जरूर भरा. येल तर एसएटीच्या जागी एपीचे गुणसुद्धा चालवून घेतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काही शाळा ट्रान्स्क्रिप्टवरच, म्हणजे शाळेकडून जाणाऱ्या गुणपत्रकावरच, एसएटीचे गुण छापतात. तुम्ही इकडे 'नाही' वर टिक करायची आणि शाळेने तिकडे दोन्ही आकडे पाठवून द्यायचे, असं होतं. काउन्सेलरला आजच विचारा.

टाकसाळ

चाफाताई, हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझ्या चार रात्रींची झोप वाचली असती.

निंबोणी (३० ऑक्टोबर)

चाफाताईंना साष्टांग नमस्कार.

दुसऱ्याच दिवशी लेकीने ट्रान्स्क्रिप्टची प्रत मागितली. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, १४१० आणि १४४०. तारखांसकट. नवऱ्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "बघ, देवाच्याच मनात होतं," म्हणाला. लेक काही बोलली नाही. शाळेला ईमेल केली, उत्तर आलं नाही. मग स्वतः ऑफिसात जाऊन उभी राहिली. गुण काढून टाकायला पालकांच्या सहीचा फॉर्म लागतो म्हणाले. तो फॉर्म घेऊन ती बाबांसमोरच बसली. माझ्यासमोर नाही.

वीस मिनिटं दोघं बोलत होते. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. हणमंतरावांचा प्रतिसाद तिने स्वतः त्याला वाचून दाखवला, १३५० वाला. म्हणाली, "बाबा, ते जे धरायचं ते धरू देत. पण निबंध वाचून झाल्यावर धरू देत." त्याने सही केली. नवीन ट्रान्स्क्रिप्ट सोमवारी अपलोड झाली, काल रात्री अकराला अर्ज गेला. गुणांशिवाय.

हणमंत_वाईकर

माझाच प्रतिसाद माझ्याविरुद्ध वापरलेला बघून आनंद झाला. मत बदललेलं नाही. डिसेंबरात निकाल कळवा.

रामभाऊ_डॅलस

आणि मदतीचं पत्र आलं की आकडा.